लाल कोणाला, निळा कोणाला? कुस्ती संघटना, पंच समित्या आणि संयोजकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील व जिल्ह्यांतील कुस्ती संघटनांचे पदाधिकारी, पंच समित्यांचे सदस्य आणि मॅटवरच्या स्पर्धा भरवणारे संयोजक

विषय : कॉश्च्युमचा रंग ठरवण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची पद्धत

सप्रेम नमस्कार.

वजनकाट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले तर मल्ल बाद. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाटच्या बाबतीत तेच झालं. वाद क्रीडा लवादापर्यंत गेला, पण तिथंही काट्यावरच्या आकड्याबद्दल तक्रार नव्हती, तक्रार नियमाबद्दल होती. काटा तपासलेला असतो, आकडा सगळ्यांसमोर येतो, कागदावर सही होते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

रंगाचं तसं नाही. मॅटवर दोघांपैकी एक लाल आणि एक निळा असतो हे पोरापोराला माहीत आहे. पण लाल कोणाला का मिळाला, हे विचारलं तर जिल्हा पातळीवरच्या बहुतेक स्पर्धांत टेबलापाशी नेमकं उत्तर मिळत नाही. ड्रॉच्या, म्हणजे जोड्यांच्या सोडतीच्या, कागदावर ज्याचं नाव वर त्याला लाल, ही सर्वसाधारण रीत. त्यात ‘तुझ्याकडं लालच आहे ना, मग तूच लाल घाल’ अशी तडजोड मिसळते. निकाल लागल्यावर हरलेल्याच्या बाजूचा कुणीतरी ‘यांचं लालकडंच लक्ष होतं’ म्हणतो, आणि त्याला खोडून काढायला आपल्याकडं कागदाचा एक चिटोरा नसतो. हे पत्र त्या चिटोऱ्यासाठी आहे.

जत्रेतल्या फडात हा प्रश्न येत नाही. तिथं लंगोट कुठल्या रंगाचा आहे हे कुणी बघत नाही, कारण कुस्ती निकाली असते. पाठ लागली की हलगीच निकाल सांगते. कोल्हापूरच्या खासबागेत शाहू महाराजांनी मैदान बांधलं तेव्हापासून हजारो डोळे एकाच गोष्टीवर असत : पाठ टेकली की नाही. गुण आले, घड्याळ आलं, तसा पंचाच्या मताला वाव आला, आणि मताला वाव आला की रंगाला शिरायला फट मिळाली. आम्ही गुणांच्या कुस्तीच्या विरोधात नाही, पण ही फट नेमकी कुठं आहे ते दाखवणं आम्हाला गरजेचं वाटतं.

पट काढून मागं गेला की दोन गुण. यात मत फारसं नसतं. पाठ नव्वद अंशांच्या आत मॅटकडं वळली की दोन, उचलून मोठा डाव मारला की चार किंवा पाच. इथंही वाद होतात, पण पाहायला काहीतरी असतं. खरी फट आहे निष्क्रियतेच्या निर्णयात. फ्रीस्टाइलमध्ये पहिल्या फेरीची दोन मिनिटं झाली आणि गुणफलक ०-० असेल, तर दोघांपैकी एकाला निष्क्रिय ठरवावंच लागतं. मग तीस सेकंदांचं घड्याळ लागतं आणि त्या वेळात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. दोघंही सारखेच थबकलेले असले तरी पंच, जज आणि मॅट चेअरमन या तिघांतल्या दोघांचं एका नावावर एकमत व्हावं लागतं. हातातला डाव मोजायचा नसतो, ‘कोण जास्त पुढं सरकत होता’ याचा अंदाज करायचा असतो.

एका गुणानं काय होतं, असं कुणी म्हणेल. पॅरिसमधलीच विनेश विरुद्ध युई सुसाकी ही लढत आठवा. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत सुसाकी २-० नं पुढं होती आणि ते दोन्ही गुण निष्क्रियतेचे होते. विनेशनं अगदी शेवटी दोन गुणांचा ताबा घेतला. बरोबरीत मोठ्या किमतीचा डाव ज्याचा तो पुढं, या नियमानं ती पुढं गेली, आणि जपानचं चॅलेंज, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची मागणी, फेटाळलं गेल्यावर दंडाचा एक गुण मिळून आकडा ३-२ झाला. त्या कुस्तीत रंगाचा काही संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. एखादी अटीतटीची कुस्ती जवळजवळ पूर्णपणे मतावर चालू शकते, एवढंच तिच्यातून दिसतं.

आता रंगाविषयी जे माहीत आहे ते. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या चार खेळांचे निकाल तपासले : मुष्टियुद्ध, तायक्वांदो, आणि ग्रीको-रोमन व फ्रीस्टाइल या कुस्तीच्या दोन शैली. चारही खेळांत लाल-निळा वाटप चिठ्ठीनं झालेलं, त्यामुळं दोन्ही रंग निम्मे-निम्मे जिंकायला हवे होते. लाल जिंकल्याचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास निघालं आणि तुल्यबळ जोड्यांत फरक आणखी वाढला. तगडा मल्ल दुबळ्यापुढं असला की रंगाला कोण विचारतो? २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि जगभर बातमी झाली : लाल घाला, जिंका.

आमच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा प्रयोग जर्मनीतला आहे. म्युन्स्टर विद्यापीठातल्या नॉर्बर्ट हागेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ अनुभवी तायक्वांदो पंचांना लढतींचे चार-पाच सेकंदांचे तुकडे दाखवले आणि गुण द्यायला सांगितले. मग तेच तुकडे संगणकावर रंग उलटवून दाखवले. लालचा निळा झाला, निळ्याचा लाल. लाथ तीच, अंतर तेच, खेळाडू तोच. तरीही अंगावर लाल असताना मिळालेले गुण सरासरी १३ टक्के जास्त निघाले. लाल घातल्यानं खेळाडूला जोर येतो की नाही हा वाद इथं बाजूलाच पडतो, कारण व्हिडिओतल्या खेळाडूला जोर येण्याचा प्रश्नच नव्हता. फरक पडला तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. हे २००८ सालचं काम आहे.

लगेच निष्कर्षाला येऊ नका, कारण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. ज्यूदोत पांढऱ्याविरुद्ध निळा असतो. अथेन्समध्ये निळे जास्त जिंकले असं एका अभ्यासात आलं. नंतर नेदरलँड्सच्या संशोधकांनी खोदून पाहिलं, तेव्हा मानांकन कोणाला, कोणाला किती विश्रांती मिळाली, अशा गोष्टी रंगात मिसळल्या होत्या असं दिसलं. त्या बाजूला काढल्यावर निळ्याचा फायदा उरला नाही. कुस्ती-मुष्टियुद्धाचंही तसंच. हिल आणि बार्टन यांचाच सहभाग असलेल्या पुढच्या मोठ्या पाहणीत १९९६ पासूनच्या अनेक ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांमधल्या सुमारे साडेसहा हजार लढती एकत्र घेतल्या. सगळ्या मिळून लालचा ठळक फायदा दिसला नाही. गुणांनी अगदी थोडक्यात सुटलेल्या लढतींत मात्र ५१.५ टक्क्यांच्या आसपास एक बारीकशी कड दिसली, आणि तीही मुख्यतः २००५ पूर्वीच्या स्पर्धांमधली. नंतर तंत्रज्ञान आलं, गुण देण्याचे नियम घट्ट झाले, तशी ती बोथट झाली.

म्हणजे लाल ही काही जादू नाही. ज्या पोरांना ‘फायनलला लालच मिळू दे’ म्हणून नवस बोलायची सवय लागली आहे, त्यांना वस्तादांनी हे स्पष्ट सांगावं. पण ही कड बोथट कुठं झाली, तर जिथं इलेक्ट्रॉनिक छातीकवच, व्हिडिओ चॅलेंज आणि मुरलेले पंच आहेत तिथं. तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर मांडव घालून होणाऱ्या स्पर्धेत यातलं काय असतं? म्हणून आमचं मत असं की ऑलिंपिकमध्ये हा प्रश्न जवळजवळ मिटला असेल, आपल्याकडं तो अजून उघडूनही पाहिलेला नाही.

काळ्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण निळा नसला की आपल्याकडं काळा चालवून घेतात. ‘गडदच आहे, चालेल.’ चालू नये. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मार्क फ्रँक आणि थॉमस गिलोविच यांनी १९८८ मध्ये अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकीच्या व्यावसायिक संघांच्या शिक्षा मोजल्या. काळा गणवेश असलेले संघ दोन्ही खेळांत शिक्षांच्या यादीत वरच्या बाजूला होते. पिट्सबर्गच्या हॉकी संघानं १९७९-८० च्या हंगामात मध्येच निळा टाकून काळा गणवेश घेतला. निळ्यात सामन्यामागं सरासरी ८ मिनिटांची शिक्षा होत होती, काळ्यात १२ मिनिटांची. खेळाडू तेच, हंगाम तोच. काळ्यात ते खरोखर आडदांड खेळू लागले की पंचांना तसं वाटू लागलं? थोडं दोन्ही, असं त्यांच्या प्रयोगांतून निघालं. एकाच प्रकारची धरपकड पांढऱ्या आणि काळ्या गणवेशात करून दाखवली, तर प्रेक्षक आणि पंच दोघांनाही काळ्यातली जास्त आडदांड, जास्त दंड करण्याजोगी वाटली. पुढच्या काही हॉकी-अभ्यासांत हा परिणाम दिसला, काहींत नाही. पण कुस्तीत डोकं मारणं, बोटं पिरगळणं, कॉश्च्युम ओढणं यावर ताकीद द्यायची असते, आणि बरोबरीच्या कुस्तीत कमी ताकिदी हाही निकालाचा एक निकष असतो. तिथं एका पोराला काळ्यात उतरवून जोखीम का घ्यायची?

पंच एका जागी आणि प्रेक्षक हजारांनी असतात. त्यांच्या मनात रंग कसा काम करतो याची जबाबदारी निम्मी निवेदकाची. मैदानातला जुना निवेदक मल्लाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद सांगून कुस्ती उभी करायचा. मॅटवर तोच निवेदक ‘लालची जबरदस्त चढाई, निळा बचावात’ म्हणू लागतो. तीन मिनिटं हे ऐकलेल्या माणसाला लालच भारी होता असंच आठवतं, गुणफलक काहीही सांगो. त्यातून निळ्याला निकाल गेला की शिट्ट्या सुरू. आमची विनंती साधी आहे : डावाचं वर्णन नावानं करा, रंग फक्त गुण सांगताना घ्या. ‘लाल दोन’ एवढंच.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती टाळण्यात अर्थ नाही. आपल्याकडं रंग कोरा नसतो. भगवा, निळा, हिरवा यांच्यामागं मिरवणुका, झेंडे आणि मतपेट्या उभ्या असतात. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध भारतीय संघ केशरी छटेच्या जर्सीत उतरला. कारण तांत्रिक होतं : दोन्ही संघ निळे होते आणि यजमानांनी आपला रंग ठेवला. पण सामना व्हायच्या आधीच त्या जर्सीवरून मुंबईत राजकारण तापलं, आणि भारत ३१ धावांनी हरल्यावर जर्सीलाच दोष देणारेही निघाले. गावच्या स्पर्धेत हे घडायला फार काही लागत नाही. म्हणून लालच्या जागी केशरी किंवा भगवा कॉश्च्युम चालवू नये, प्रायोजकानं फुकट दिला तरी. नव्या मॅटमध्ये केशरी पट्टा असतो आणि त्यावर केशरी अंग नीट दिसत नाही, हे कारण सगळ्यांना सांगता येण्याजोगं आहे.

कातडीच्या रंगाचं उदाहरण आम्ही इथं मुद्दाम देतो, कारण त्यात उपायही सापडतो. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचे १९९१ ते २००४ चे सामने तपासले. पंचांचा आणि खेळाडूचा वंश एक असेल तर फाउल थोडे कमी, वेगळा असेल तर थोडे जास्त. फरक जास्तीत जास्त चार टक्क्यांचा. २००७ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं, लीगनं ते नाकारलं, वाद झाला. नंतर त्याच अभ्यासकांनी एका सहकाऱ्याबरोबर पुढचे हंगाम तपासले, तेव्हा तो कल नाहीसा झालेला आढळला. कुणाला निलंबित केलं नव्हतं की कुठला नवा नियम आला नव्हता. आपण मोजले जातोय हे पंचांना कळलं होतं. आमच्या सगळ्या मागण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. गेल्या काही वर्षांत पुणे आणि अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून जे घडलं त्याचा रंगाशी संबंध नव्हता, पण लोकांचा विश्वास किती पातळ झालाय ते तिथं दिसलं.

आता प्रत्यक्ष कामाचं.

जिथं आंतरराष्ट्रीय नियमावली बंधनकारक आहे तिथं रंग ड्रॉनुसारच राहील. तो बदला असं आम्ही म्हणत नाही. मात्र ड्रॉचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. सोळा जणांच्या तक्त्यात पहिल्या ओळीतला मल्ल जिंकत गेला तर चारही कुस्त्या लालमध्ये लढतो आणि सोळाव्या ओळीतला चारही निळ्यात. पहिल्या ओळीवर अव्वल मानांकित किंवा यजमान तालमीचा मल्ल बसवला, की लालच्या खात्यात चार विजय आपोआप जमा होतात आणि ‘लाल जिंकतो’ हा समज पक्का होतो. ज्यूदोच्या आकड्यांत जी गफलत झाली तीच ही. म्हणून चिठ्ठ्या उघड्यावर, दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शकांसमोर काढाव्यात आणि मानांकन असेल तर ते रंगाच्या शेजारी लिहावं.

निमंत्रित, तालुका आणि शालेय स्पर्धांत हात मोकळे असतात. तिथं ड्रॉ झाल्यावर प्रत्येक कुस्तीचा रंग वेगळ्या नाणेफेकीनं ठरवा. प्रत्येक कुस्तीच्या वेळी मॅटवर नाणं उडवत बसलात तर वेळापत्रक कोलमडेल. सत्र सुरू होण्याआधी टेबलावर एकानं नाणं उडवायचं, दुसऱ्यानं कुस्तीच्या क्रमांकापुढं ‘वरचा लाल’ किंवा ‘वरचा निळा’ लिहायचं. साठ कुस्त्यांचं काम अर्ध्या तासात होतं. पहिल्या फेरीची यादी निदान एक तास आधी भिंतीवर लावा, नाहीतर पोरं चुकीचा रंग घालून येतात आणि मॅटच्या कडेला कपडे बदलताना गोंधळ होतो. एका पोराला सलग तीनदा निळा आला तर तक्रार येईल, तेव्हा यादी ‘सारखी करून’ द्यायचा मोह होईल. तो आवरा. एकदा यादी हातानं बदलली की तिच्यावरचा विश्वास गेला.

सगळ्यात मोठी अडचण कपड्यांची आहे. खेड्यातल्या तालमीतल्या पोराकडं एकच कॉश्च्युम असतो, बऱ्याचदा थोरल्या भावाचा. संयोजकांनी लहान, मध्यम, मोठा अशा मापांत दोन्ही रंगांचे संच ठेवावेत. मॅटवर एक जोडी, पुढची तयार आणि मागची धुण्यात असा हिशेब धरला, तर एका मॅटला प्रत्येक मापाचे प्रत्येक रंगात किमान तीन लागतात. उसना कॉश्च्युम सैल झाला की खांद्यावरचा पट्टा घसरतो, समोरच्याची बोटं त्यात अडकतात आणि पंचाला ते ओढल्यासारखं दिसतं. एकाच्या घामाचा कपडा न धुता दुसऱ्याला दिला तर नायटा अख्ख्या तालमीत पसरतो. एका बाजूनं लाल आणि उलटला की निळा, असा दुहेरी कॉश्च्युम मिळाला तर उत्तम. काहीच जमलं नाही तर दोघांना आपापल्या कपड्यांत उतरवून घोट्याला रुंद रंगीत पट्टी बांधा. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या कुस्तीत घोट्याच्या पट्टीवरच काम चालतं. ती पट्टी मात्र लाल-हिरवी असते, तिची नक्कल करू नका. लाल-हिरवा फरक न ओळखणारे पुरुष प्रेक्षकांतही असतात आणि पंचांतही. लाल-निळा हा फरक त्यातल्या बहुतेकांना कळतो. पंचांच्या उजळणी वर्गात रंगदृष्टीची ठिपक्यांची चाचणी करून घेतली तर पाच मिनिटं लागतात.

छटाही ठरवा. मरून म्हणजे लाल नव्हे आणि शाळेच्या गणवेशाचा गडद निळा लांबून काळाच दिसतो. दोघं गुंतून लोळतात तेव्हा पंचाला चेहरे दिसत नाहीत, दिसतात दोन रंगांचे तुकडे, आणि पाठ कुणाची वळली हे त्या तुकड्यांवरून ठरवायचं असतं. मरून आणि काळपट निळा यांत ते ठरत नाही. मॅटची बाहेरची कड निळी असेल तर कडेवरचा निळा मल्ल तिच्यात मिसळतो, म्हणून जजची खुर्ची अशी ठेवा की कड त्याला वरून, थोड्या उंचीवरून दिसेल.

उजेडाकडं कुणाचंच लक्ष नसतं. अंधारून येताना माणसाच्या डोळ्याला लाल आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा त्या मानानं उजळ राहतो. पिवळ्या सोडियम दिव्याखाली उलट निळाच मळकट दिसतो. संध्याकाळच्या कुस्त्यांना पांढरे एलईडी, मॅटच्या चारही बाजूंनी, सावली न पडता. दिवसाच्या स्पर्धेत लाल-पिवळ्या कापडाचा मांडव मॅटवर घालू नका. ऊन त्यातून गाळून आलं की सगळ्याच रंगांचा कस जातो. पांढरं कापड घ्या.

पंचाच्या मनगटावरच्या पट्ट्या, डावीकडं लाल आणि उजवीकडं निळी, हे शोभेचं काम नाही. पट्ट्या नसल्या की हात वर होतो, दोन बोटं दिसतात, पण कुणाला ते गॅलरीतल्या माणसाला कळत नाही. मग तो आपल्या मनानं ठरवतो. पट्ट्यांचा एक जादा जोड टेबलावर असू द्या.

पंचांच्या प्रशिक्षणासाठी म्युन्स्टरचा प्रयोग आपल्या घरी करता येतो. वादाच्या कुस्त्यांचे पाच-सहा सेकंदांचे वीसेक तुकडे काढा. त्यात निम्मे कडेवरचे आणि लोळणीतले, निम्मे निष्क्रियतेचे. निष्क्रियतेचे तुकडे लांब लागतात, वीस-तीस सेकंदांचे, नाहीतर ठरवायला काही मिळत नाही. रंग बदलण्याची सोय असलेल्या कुठल्याही व्हिडिओ संपादन प्रणालीत लालची निवड करून निळा करा आणि उलट. इथं तीन गोष्टी चुकतात. लालबरोबर कातडीचाही रंग थोडा सरकतो आणि मल्ल हिरवट-निळसर दिसायला लागतो, म्हणून निवड कपड्यापुरतीच कातरून घ्या. मॅटवरचा लाल पट्टा आणि निळी कड हीसुद्धा बदलतात, त्यांना वेगळं झाकावं लागतं. आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे पंचाच्या मनगटपट्ट्या. त्या उलटल्या की व्हिडिओतला पंच कुणाला गुण देतोय हेच उलटतं, आणि बघणारा पंच नकळत त्याच्या हाताकडं बघून गुण देतो. तुकडा पंचाचा हात वर जायच्या आधी कापा, चौकटीत पंच येतच असेल तर तो कातरून टाका. आवाज बंद ठेवा, नाहीतर गर्दीचा गलका उत्तर सांगतो.

मूळ तुकडे एका बैठकीत, उलटलेले दुसऱ्या बैठकीत, मध्ये किमान दोन आठवडे, क्रम पूर्ण विस्कटलेला. निम्म्या पंचांना आधी उलटलेले दाखवा. प्रत्येकानं कागदावर एकट्यानं लिहायचं, चर्चा नंतर. कागदावर नाव नको, सांकेतिक क्रमांक पुरे. हा प्रयोग कुणाला नापास करण्यासाठी नाही, आणि तसा वापरला गेला तर पुढच्या वर्षी एकही पंच येणार नाही.

शेवटी मोजणी. बाउट शीटवर, म्हणजे कुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, एवढे रकाने वाढवा : वरच्या ओळीतल्या मल्लाचा रंग, विजेत्याचा रंग, निकाल कसा लागला (चितपट, तांत्रिक सरशी की गुणांवर), गुणांचा फरक, निष्क्रियतेचा पुकारा कुणावर, चॅलेंज कुणाचं आणि टिकलं का. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याचा तक्ता नोटीस बोर्डावर आणि मोबाईलवर सगळ्यांना द्या.

आकडे वाचताना घाई नको. शंभर कुस्त्यांत ५८ लाल जिंकले तर काहीच सिद्ध होत नाही. नुसत्या नाणेफेकीतही शंभरात ४० ते ६० पर्यंत आकडा सहज हलतो. चारशे कुस्त्यांत तो १८० ते २२० च्या बाहेर गेला तर बसून बोलायला हवं. एका स्पर्धेवरून आरोपही करू नयेत आणि प्रमाणपत्रही देऊ नये. चितपट आणि एकतर्फी कुस्त्या वेगळ्या काढा, त्या रंगाबद्दल काही सांगत नाहीत. एक-दोन गुणांनी सुटलेल्या कुस्त्या वेगळ्या मोजा. जिथं रंग ड्रॉवरून ठरतो तिथं पहिल्या फेरीचा आकडा स्वतंत्र ठेवा, कारण पुढच्या फेऱ्यांत तोच मल्ल त्याच रंगात पुन्हा पुन्हा मोजला जातो.

सगळ्यात बोलका रकाना निष्क्रियतेचा ठरेल. दोन मिनिटांना ०-० असताना कुणाचं नाव घेतलं, एवढंच. असे साठ पुकारे जमले आणि त्यात निळ्याचं नाव ३८ पेक्षा जास्त वेळा आलं, तर पंच समितीनं ते साठ तुकडे रंग काढून, काळ्या-पांढऱ्यात, एका मल्लाच्या घोट्यावर खूण करून पुन्हा पाहावेत. एक दुपार लागेल. येत्या हंगामाच्या पहिल्या जिल्हा निवड चाचणीपासून हे रकाने छापून घ्यावेत. छापखान्यात जुनी बाउट शीट शिल्लक असतील तर उजव्या समासात हातानं रेघा मारल्या तरी चालतील.

आपले,
मॅटवरच्या कामाशी संबंधित काही पंच, मार्गदर्शक आणि गुणलेखक